दोन बोटं

ऑइलची पट्टी निघेना. त्यानं सवयीनं दोन बोटं कडीत अडकवली, वर ओढलं आणि पट्टी जागची हललीसुद्धा नाही. ओळखीच्या माणसाला हाक मारावी आणि त्यानं मान वळवू नये, तसं झालं. पुन्हा ओढलं. नाही. मागे उभा असलेला एकोणतीस नंबरच्या ट्रकचा ड्रायव्हर, तिशी-पस्तिशीचा, कामाला चोख पण तोंडानं अघळपघळ, सांगू लागला की परवापासून हे असंच आहे, काल पक्कड लावून बघितली तरी दाद देईना, मिस्त्री आज सुटे भाग आणायला बाजारात गेलेत, दुपारपर्यंत यायचे नाहीत, आणि गाडी तर दहाला माल भरायला लावायची आहे. पकडीचं नाव ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. पट्टी म्हणजे तरी काय, हातभर लांबीची पातळ पोलादी फीत. नळीतून इंजिनच्या पोटात सोडायची आणि वर काढून बघायचं, तेल कुठपर्यंत लागलंय. ती पकडीनं ओढून तुटली, तुकडा आत पडला, की खालचं सगळं खोलत बसा. "पक्कड लावू नकोस," तो म्हणाला, आणि इतक्या अधिकारानं म्हणाला की त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. यार्डातल्या माणसानं ड्रायव्हरला शिकवायचं म्हणजे जरा जास्तच होतं. त्याचं काम टायरची हवा बघायची, पाणी भरायचं, फाटक उघडायचं आणि कुठली गाडी किती वाजता बाहेर पडली ते वहीत लिहायचं. दोन वर्षांपूर्वी मात्र एकोणतीस त्याची होती. यार्डात गाड्यांना त्यांच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे हेच नाव, आणि तेवीस वर्षं त्यालाही वेगळं नाव असं उरलं नव्हतं. तो फाटकात दिसला की 'एकोणतीस आली' म्हणत. आता 'अहो, फाटक' म्हणतात, तेही मान वर न करता.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करायला त्यानं ड्रायव्हरला सांगितलं. लोखंड जरा तापू दे, मग बघू. नळीच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून वरून तार आवळलेली होती. ते रबर तेल पिऊन, तापून, फुगून पट्टीला चिकटून बसलं होतं, हे त्याला बोटानं चाचपूनच कळलं. त्यानं त्यावर थेंब थेंब डिझेल सोडलं आणि खोक्यावर बसून राहिला. अशा कामात घाई उपयोगाची नसते. आपण बसलोय, आपल्यापुढे एकोणतीसचं बॉनेट उघडं आहे, सकाळचं ऊन तिरकं आत पडलंय, आणि तेल, धूळ, तापलेला रंग यांचा तोच वास नाकात जातोय; इतकं सगळं जुळून आल्यावर त्याला क्षणभर बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. तेवीस वर्षं रोज सकाळी, तोंड धुतल्यावर आणि चहाच्या आधी, त्यानं ही पट्टी काढली होती. फडक्यानं पुसायची, पुन्हा आत सोडायची, पुन्हा काढायची. खाली एक खूण, वर एक खूण. तेल दोहोंच्या मध्ये असलं की दिवस सुरू. परमुलखातल्या धाब्यांच्या मागे, बंद कारखान्यांच्या दारात, एकदा तर बापाच्या मरणाची बातमी आल्यावर परत फिरायच्या आधीसुद्धा त्यानं पट्टी बघितली होती. लोक डोळ्यात तेल घालून राखण करतात म्हणतात. त्यानं खरोखरच डोळे तेलावर ठेवून आयुष्य काढलं होतं. आणि तरीही.

तरीही दोन वर्षांपूर्वी त्या लांबच्या चढावर, गाडी पुरी भरलेली असताना, आधी कुणी दार ठोठावल्यासारखा आवाज आला, मग तो आवाज दाटला, मग इंजिन एकदाच आचका देऊन गप्प झालं. ती शांतता अजून त्याच्या कानात होती. उताराकडून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवत होत्या आणि ते भोंगे फार लांबून आल्यासारखे वाटत होते. त्या सकाळीही त्यानं पट्टी बघितली होती. तेल वरच्या खुणेला लागलं होतं. हे त्यानं साहेबांपुढे सांगितलं, एकदा, दोनदा, चारदा, आणि प्रत्येक वेळी ते त्याचं त्यालाच थोडं कमी खरं वाटत गेलं. इंजिन खोललं तेव्हा तेल निम्म्यावर होतं. गळती कुठेही नव्हती. "मग तेल गेलं कुठे?" साहेबांनी विचारलं होतं. बाजूला मिस्त्री उभा होता. मिस्त्री म्हणजे नुसता वर्कशॉपचा मिस्त्री नव्हे. तिशीच्या आतली दोस्ती, आणि मग मिस्त्रीनंच आपल्या बायकोची धाकटी बहीण याला दाखवली, म्हणून साडू. दोघांनी एकमेकांना कधी अहो-जाहो केलं नाही. तो मिस्त्री त्या दिवशी हात पुसत पुढे आला आणि मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, वय होतं माणसाचं. नजरचूक होते. कामावरून नका काढू, मी यार्डात सांभाळून घेतो त्याला." साहेबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत धरून तो रडला होता. आपल्यासाठी कुणीतरी शब्द टाकला, याची ओल त्याच्या मनात अजून होती.

त्यानंतर तो स्वतःवर पाळत ठेवू लागला. जे डोळे भरलेली पट्टी म्हणून रिकामी पट्टी बघू शकतात, ते आणखी काय काय बघत असतील? कुलूप लावून तीन जिने उतरायचा आणि पुन्हा चढून कुलूप ओढून बघायचा. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून झाल्यावर पुन्हा पहिल्या बाजूला बघायचा, आणि तोवर दुसरीकडून गाडी यायची. त्या हिवाळ्यात एकदा बायको म्हणाली, गॅस चालू राहिला होता हो तुमच्याकडून. रागावली नाही, उलट हळूच म्हणाली. तेव्हापासून त्यानं चहा केला की ती उठायची, पदराला हात पुसत ओट्याशी जायची, बटणाला बोट लावून बघायची आणि काही न बोलता परत येऊन बसायची. दाराची कडी त्यानं लावली की तीच कडी ती पुन्हा लावायची. त्यालाही त्याची सवय झाली, नव्हे, आधार वाटू लागला. मोटार चालवायचं तर त्यानं नावच टाकलं. पुतण्याच्या लग्नात कुणीतरी किल्ली पुढे केली, काका, एवढी गाडी जरा मागे घ्या, तर तो हात मागे घेऊन म्हणाला, मला नाही जमत आता. आणि बायकोनं त्या माणसाकडे बघून नुसती मान हलवली, आजारी माणसाबद्दल हलवतात तशी.

डिझेल मुरलं होतं. त्यानं कडी चिमटीत धरून पट्टी ओढली नाही, नुसती डावीकडे फिरवली, केसभर. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. हाताला कळत होतं, कुठे धरलंय. दहा-बारा वेळा फिरवल्यावर आत काहीतरी सुटल्याचा बारीकसा झटका बोटांना लागला आणि पट्टी एका श्वासात वर आली. ड्रायव्हर 'वा' म्हणाला. त्यानं पट्टी बॉनेटच्या कडेला फडक्यावर ठेवली आणि रबराच्या मागे लागला, कारण ते तसंच राहिलं तर चार दिवसांनी पुन्हा हेच. तार सोडवायला पक्कड घेतली आणि ती उलटी फिरवावी लागली. म्हणजे तार उलट्या हातानं पिळलेली होती. यार्डात डावखुरा एकच, मिस्त्री. हे रबर मिस्त्रीनंच लावलं होतं, ते त्याला माहीत होतंच. गाडी त्याच्याकडे असतानाच एक दिवस ते तिथे आलेलं दिसलं होतं, आणि विचारल्यावर मिस्त्री म्हणाला होता, नळीत धूळ जाते म्हणून लावलंय तुझ्यासाठी. त्यानं आभार मानले होते. चढावरच्या त्या दिवसाच्या जेमतेम महिनाभर आधीची गोष्ट. आता रबराचे कुजके तुकडे आत पडू नयेत म्हणून तो आकडीनं एकेक करून बाहेर काढत होता, आणि तुकड्यांखालून नळीचं तोंड उघडं पडत होतं. ते गोल नव्हतं. कारखान्यातून आलेल्या नळीचं तोंड बाहेरून वळवलेलं, गुळगुळीत असतं. हे सपाट होतं, एका बाजूला जरा तिरपं, आणि कडेवर करवतीच्या दातांच्या बारीक तिरक्या रेघा होत्या. कापलेली कड घासलेली नव्हती, तिच्या कुसळांनीही पट्टी धरून ठेवली होती. त्यानं नळीवर बोट ठेवलं. जिथे आधाराची क्लिप असते तिथून तोंडापर्यंत त्याच्या आठवणीत चार बोटं जागा होती. आता दोन भरली.

डोक्यानं अजून काही म्हटलं नव्हतं, पण हाताला आधीच सगळं आठवलं होतं. रबर आलं त्या आठवड्यात दोन-तीन दिवस त्याचा हात कडी शोधायला चुकला होता. हात नेहमीच्या उंचीवर जायचा आणि कडी जरा खाली लागायची. त्याला वाटलं होतं, झोप पुरी झाली नाही. तिसऱ्या दिवशी हात निमूट खाली जायला शिकला आणि तो ते विसरून गेला. नळी दोन बोटं आखूड झाली की पट्टी दोन बोटं खोल बुडते. पट्टी खोल बुडली की वरच्या खुणेला लागलेलं तेलही दोन बोटं कमीच असतं. त्याच सुमारास तेलही बदललं होतं, आणि वर्कशॉपमध्ये तेल बदलताना कोण लिटर मोजतं, पट्टी बघायची आणि डबा बाजूला ठेवायचा. म्हणजे महिनाभर तो रोज सकाळी तोंड धुऊन, चहाच्या आधी, प्रामाणिकपणे खोटं बघत होता. उरलेलं तेल सपाट रस्त्यावर पुरलं. चढ लागला, तेल मागे सरलं, पंपानं हवा ओढली. इतकं सोपं होतं ते. तेल कुठेच गेलं नव्हतं. ते घातलंच नव्हतं.

तरी पण, तो मनाशी म्हणाला, तरी पण मिस्त्रीच्याही लक्षात आलं नसेल. नळी कापली, घाईत असेल, पुढचा विचार केला नसेल, माणूस आहे. हे त्यानं आवेगानं धरून ठेवलं. तेवढ्यात ड्रायव्हरनं पट्टी उचलली, पुसली आणि उजेडात धरली. "हिच्यावरच्या जुन्या खुणा बघायच्या नाहीत, माहितीय ना?" तो म्हणाला. "गाडी दिली तेव्हाच मिस्त्रींनी सांगितलंय. या गाडीला तेल वरच्या खाचेपर्यंत भरायचं. ही बघा." वरच्या खुणेच्याही वर, बरोबर दोन बोटांवर, कानशीनं घातलेली एक खाच होती. स्वच्छ, नेटकी, एकाच ओढीत घातलेली. तेवीस वर्षं रोज बघितलेली पट्टी. तिच्यावर कुठे गंज आहे आणि कुठे चरा आहे हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. ही खाच त्याच्या वेळी नव्हती. ती नंतरची होती. साहेबांपुढे 'वय होतं माणसाचं' म्हणून झाल्यावरची. त्यानं कानस मागून घेतली, फडक्याचा बोळा नळीच्या तोंडात घालून कापलेली कड गोल घासली, कीस पुसून काढला, बोळा काढला, नव्या रबराचा तुकडा सैल बसेल असा कापला, पट्टी आत सोडली, काढली, पुन्हा सोडली. आता ती लोण्यातून फिरल्यासारखी फिरत होती. तेल खाचेला होतं. दहाला पाच कमी असताना एकोणतीस फाटकातून बाहेर गेली आणि त्यानं वहीत वेळ लिहिली. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्याला नवल वाटलं.

मिस्त्री दुपारी आला. खांद्यावर पिशवी, कपाळावर घाम, आणि हातात दोघांसाठी चहाचे दोन पेले, रोजच्यासारखे. "निघाली का रे पट्टी? फोन आला होता मला," असं म्हणत त्यानं एक पेला पुढे केला. "निघाली," तो म्हणाला. "रबर काढलं मी." मिस्त्रीचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यानं तो पेला हळूच फाटकाच्या कट्ट्यावर ठेवला, आपलाही ठेवला, आणि पिशवीचा बंद नीट करत बसला. मग मिस्त्री खाली बघतच सांगू लागला. पाना सटकला होता, नळीचं तोंड चेपलं. नवी नळी स्टोअरमधून काढायची तर चिठ्ठी, चिठ्ठीवर कारण, कारणाखाली सही. आणि त्या वर्षी त्याच्या नावावर नुकसानीच्या दोन नोंदी आधीच होत्या, तिसरीला घरी पाठवतात. म्हणून चेपलेलं तेवढं कापून टाकलं. पट्टीवर नवी खाच संध्याकाळी करायची होती. संध्याकाळच्या आत गाडी बाहेर गेली, आणि मग डोक्यातून गेलं ते गेलंच. इंजिन खोललं तेव्हा आठवलं.

"तेव्हा बोलायचं होतंस," तो म्हणाला.

"तेव्हा बोललो असतो तर दोघंही गेलो असतो."

"दोघं कसे? मी काय केलं होतं?"

मिस्त्रीनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, हेच सहन होण्यासारखं नव्हतं. "तुला रस्त्यावर येऊ दिलं का मी?" मिस्त्री म्हणाला. "दोन वर्षं रोज चहा आणतो तुझ्यासाठी. एक दिवस चुकवलाय?"

हे ऐकून त्याला हसू आलं. असं वाटलं की हा मोजतोय, पेले मोजतोय. केसानं गळा कापायचा आणि मग त्याच गळ्यात रोज गरम चहा ओतायचा. त्याला खूप काही बोलायचं होतं. की मी रस्ते ओलांडायला घाबरतो, की माझ्या हातात कुणी मूल देत नाही, की मी तुझा हात धरून रडलो होतो. पण त्यानं एवढंच विचारलं की आता हे मी साहेबांना सांगितलं तर. जे कधीच सांगायचं नव्हतं ते थकून सांगून टाकावं तसं मिस्त्री म्हणाला, "घरी विचार आधी. तिला ठाऊक आहे. तिनंच आमच्या हिला सांगितलं होतं, आता हे उकरू नका म्हणून."

दिवस संपेपर्यंत त्यानं अकरा गाड्या आत घेतल्या. घरी जाताना रस्ता त्यानं सरळ ओलांडला, कुठेच न बघता, आणि कुणीतरी खच्चून ब्रेक मारला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो थांबला. साडू तो साडू. तो शेवटी बाहेरचा माणूस, त्याची नोकरी, त्याची भीती. ते पचवता येईल असं त्याला खरंच वाटत होतं. पण घरातला माणूस. रात्री कुशीवर वळून 'झोप येत नाही का' विचारणारा. तिला ठाऊक नसेल, मिस्त्री आपली मान सोडवायला काहीही बोलेल, असं म्हणत तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. बायको खिडकीपाशी वाळलेले कपडे घड्या करत बसली होती. त्यानं चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाला की आज एकोणतीसची नळी बघितली. ती काय म्हणून विचारेल, याची तो वाट बघत राहिला. तिनं काय म्हणून विचारलं नाही. हातातल्या शर्टाची बाही नीट मुडपली, मग ती सोडून दिली.

इंजिन बसलं त्याच महिन्यात ताईनं येऊन सांगितलं होतं, रडत रडत, ती म्हणाली. ताईच्या घरात तेव्हा दोन मुली लग्नाच्या होत्या. पण खोटं कशाला बोलू, मी काही ताईसाठी गप्प राहिले नाही. तेवीस वर्षांत तुम्ही घरात किती दिवस होतात, ते तुम्ही कधी मोजलंत का? फोन वाजला की वाटायचं, आलीच ती बातमी. गाडी बंद पडली, तुम्ही धडधाकट घरी आलात, आणि मग रोज संध्याकाळी सातला येऊ लागलात. "मला ते हवं होतं," ती म्हणाली. "खरं कळलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीवर गेला असतात."

गेलो असतो, त्याच्या मनात आलं. हे खरं होतं. आपल्याला इतकं नीट ओळखणारं हे एकच माणूस, आणि त्या ओळखीचा तिनं असा उपयोग केला. त्याला वाटलं होतं की राग येईल, भांडी फेकावीशी वाटतील. तसं काही झालं नाही. उलट सगळं अंग हलकं, पोकळ झालं, आणि त्या पोकळीत एकच गोष्ट खडखडत होती. तो हळूहळू म्हणाला, "आणि तो गॅस?"

"कुठला गॅस?"

"त्या हिवाळ्यात म्हणालीस. चालू राहिला होता माझ्याकडून."

तिनं त्याच्याकडे बघितलं. सरळ बघितलं, डोळे न चुकवता. "राहिला होता," ती म्हणाली. "तो खरंच राहिला होता."

तो तिचा चेहरा बघत उभा राहिला. दोन वर्षं ती याच चेहऱ्यानं ओट्याशी जात होती, याच चेहऱ्यानं कडी पुन्हा लावत होती. खरं बोलताना तो कसा दिसतो आणि खोटं बोलताना कसा, हे सांगणारी कुठलीही खूण त्याच्यावर नव्हती. किंवा असेल आणि आपल्याला दिसत नसेल. तो आत गेला, दोघांसाठी चहा टाकला, उकळू दिला, बटण बंद केलं, गाळला आणि पेले घेऊन बाहेर आला. ती उठली नाही. मांडीवरच्या कपड्यांवर हात दाबून ती जागीच बसून राहिली; उठायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, ते तिच्या बोटांवरून दिसत होतं. तिनं पेला घेतला. त्यानं एक घोट घेतला, मग दुसरा. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. आतून फुसफुस ऐकू येतेय की काय, असं त्याला वाटलं. त्यानं पेला खाली ठेवला, आत गेला आणि बटणाला बोट लावून बघितलं. ते बंद होतं. त्यानं ते उघडलं आणि पुन्हा बंद केलं.